वेल्सच्या सीमेवर सायकलने
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळाच्या चिटणीसांनी "विलायतेहून आलात, तर चार शब्द बोला" अशी आज्ञा केली, तेव्हा मी थोडा गोंधळलो. मी वक्ता नव्हे. माझा सारा जन्म सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते मोजण्यात, मोऱ्या बांधण्यात आणि घाटात कोसळलेल्या दरडी उपसण्यात गेला. विलायतेतील मोठमोठ्या शहरांची वर्णने आपण पुष्कळ ऐकली असतील. आपल्यापैकी कितीतरी घरांतील मुले आज तिकडेच आहेत. म्हणून मी लंडनविषयी बोलणार नाही. २०२५ सालच्या जून महिन्यात, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, मी माझ्या मुलाबरोबर इंग्लंड आणि वेल्स यांच्या सीमेवरील डोंगराळ मुलुखातून तीन दिवस सायकलने हिंडलो. त्या प्रवासाची हकीकत तेवढी आपणांपुढे ठेवतो. तीत काही किल्ले आहेत, काही इतिहास आहे आणि शेवटी थोडी घरची गोष्टही आहे. ती सांगावी की न सांगावी याचा मी पुष्कळ विचार केला. परंतु ज्याच्याविषयी ती आहे त्यानेच "खुशाल सांग, दादा" अशी परवानगी दिल्यामुळे आता मी निर्धास्त आहे.

या प्रवासाचा उगम एका साध्या प्रश्नात आहे. माझा मुलगा बर्मिंगहॅम येथे नोकरीस असतो. आम्ही उभयता त्याच्याकडे काही महिने राहावयास गेलो होतो. एके दिवशी जेवताना तो म्हणाला, "बाबा, तुम्ही आयुष्यभर रस्ते बांधलेत. पण त्यांवरून स्वतःच्या पायांच्या बळावर कधी गेलात का?" प्रश्न थट्टेचा होता, परंतु मला तो लागला. शाळेत असताना मी सायकलने जात असे, हे खरे. परंतु पुढे अधिकार आला आणि अधिकाराबरोबर जीप आली. मी जे जे घाट मोजले ते सगळे जीपमध्ये बसून. चढ किती हे मला कागदावर ठाऊक होते, पोटऱ्यांना ठाऊक नव्हते. मुलाने माझ्यासाठी एक जुनी पण चांगली सायकल मिळवली. दोन महिने मी बर्मिंगहॅममधील कालव्यांच्या काठच्या सपाट वाटांवर सराव केला. सौभाग्यवतींचा या उद्योगाला विरोध होता; परंतु नातीने "आजोबा जाणारच" असा निकाल दिल्यावर त्यांचा नाइलाज झाला.

आता या मुलुखाविषयी थोडे सांगितले पाहिजे. उत्तरेस चेस्टरपासून दक्षिणेस चेपस्टोपर्यंत जो सीमेचा पट्टा पसरला आहे, त्याला तिकडे 'मार्चेस' म्हणतात. म्हणजे सरहद्दीचा मुलूख. पश्चिमेस वेल्सचे डोंगर, पूर्वेस इंग्लंडची सुपीक मैदाने आणि मध्ये टेकड्या, अरुंद दऱ्या, लहान नद्या व मेंढरांची कुरणे. आठव्या शतकात मर्सियाचा राजा ऑफा याने या सीमेवर मातीचा प्रचंड बांध घातला. तो आजही मैलोगणती दिसतो. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले, तेव्हा विल्यम राजाने या सरहद्दीवर आपले विश्वासू सरदार बसविले आणि पुढे त्यांना व त्यांच्या वंशजांना मोठी मोकळीक मिळाली. राजाच्या परवान्यावाचून किल्ला बांधावा, स्वतःचे न्यायालय चालवावे, शेजाऱ्यावर स्वारी करावी. आपल्याकडील संस्थानिकांची आठवण व्हावी असाच हा प्रकार. १५३६ सालच्या कायद्याने हे अधिकार संपुष्टात आले. परंतु तोवर या मुलुखात किल्ले आणि गढ्या यांची दाटी झाली होती. आज त्यांपैकी बहुतेक ओसाड आहेत, आणि त्यांच्या पायथ्याची खेडी मात्र नांदती आहेत.

आम्ही आगगाडीने लडलो गावी उतरलो. तिकडे सायकल गाडीत नेता येते; मात्र जागा मोजक्या असल्यामुळे आगाऊ ठरवावे लागते. लडलोचा किल्ला टेम नदीवरच्या उंच खडकावर आहे. अकराव्या शतकाच्या अखेरीस डी लेसी घराण्याने तो बांधावयास घेतला. पुढे संपूर्ण वेल्स आणि सरहद्द यांचा कारभार पाहणारे मंडळ येथे बसू लागले, ते १६८९ पर्यंत. आठव्या हेन्रीचा थोरला भाऊ राजपुत्र आर्थर १५०२ साली याच किल्ल्यात वारला. तो जगता तर इंग्लंडचा इतिहास निराळा झाला असता. आज किल्ल्याच्या दारासमोरील चौकात भाजीचा आणि पावाचा बाजार भरतो. तटाच्या सावलीत एक बाई मुळे आणि कांदे मांडून बसली होती. मला आपल्याकडील आठवडी बाजाराची आठवण झाली.

तेथून आम्ही स्टोकसे येथे गेलो. ही गढी पाहून मला मोठी मौज वाटली, कारण ती सरदाराची नव्हे, व्यापाऱ्याची आहे. लडलोचा लॉरेन्स हा लोकरीचा मोठा व्यापारी. त्याने १२८१ च्या सुमारास ही जागा घेतली आणि १२९१ साली तटबंदीचा राजपरवाना मिळवला. परंतु घरास खिडक्या पाहाव्या तर उंच आणि रुंद! ज्याला खरोखरीच शत्रूचे भय आहे तो असल्या खिडक्या ठेवीत नाही. कारण सरळ आहे. पहिल्या एडवर्ड राजाने १२८३ पर्यंत वेल्स जिंकून घेतले होते. सरहद्दीवर शांतता आली होती. मग शेठजींनी किल्ल्याचा केवळ थाट केला आणि आत सुखाने राहण्याचे घर बांधले. हे सुख मात्र त्याला फार दिवस लाभले नाही. १२९४ साली तो समुद्रात बुडून मेला. घर अद्याप उभे आहे, आणि दिवाणखान्याचे जुने लाकडी छत पाहण्यासारखे आहे.

स्टोकसेच्या पुढे चढ सुरू झाले. येथे मला माझ्या धंद्यातील दोन शब्द बोलण्याची परवानगी द्यावी. आपल्या घाटांत रस्ता आखताना साधारणपणे वीसास एक असा चढ धरतात. म्हणजे वीस फूट पुढे गेल्यावर एक फूट वर. त्याकरिताच डोंगराला वळसे घालावे लागतात. या सरहद्दीवरचे आडरस्ते कोणी इंजिनिअरने आखलेले नाहीत. माणूस, घोडा आणि मेंढरे ज्या वाटेने शतकानुशतके गेली तीच वाट पुढे डांबराने माखली. त्यामुळे तेथे सहास एक, क्वचित पाचास एक असा चढ एकाएकी समोर उभा राहतो. दोन्ही बाजूंस माणसाहून उंच अशी काटेरी झाडांची कुंपणे. रस्ता एका मोटारीपुरता. वळणापलीकडचे काही दिसत नाही. मध्येच रस्त्यात लोखंडी गज आडवे बसवलेले असतात, मेंढरांनी ओलांडू नये म्हणून. त्यांवरून सायकल अगदी सरळ न्यावी लागते. हँडल वळवले की पडलाच.

पहिल्याच मोठ्या चढावर मी जिद्दीने जोर लावला आणि अर्ध्यातच धापा टाकीत उतरलो. मुलगा पुढे गेला होता. तो परत आला आणि म्हणाला, "बाबा, चढाशी भांडायचे नाही. दम लागण्यापूर्वीच हलका गिअर घ्यायचा." मी त्याप्रमाणे केले. पायांनी जलद, परंतु हलके फिरवत राहिले, की चाक हळूहळू का होईना वर जाते. उतरून सायकल ढकलण्यातही कमीपणा नाही. तो मी त्या तीन दिवसांत पाच-सहा वेळा पत्करला. उताराची गोष्ट याहून कठीण आहे. तेथे दोन्ही ब्रेक बेताने, थांबून थांबून दाबावे लागतात, आणि वळणापूर्वीच वेग कमी करावा लागतो. वळणात शिरल्यावर केलेला विचार उपयोगी पडत नाही.

संध्याकाळी आम्ही क्लन या खेड्यात पोचलो. जूनमध्ये तिकडे रात्री साडेनऊ-दहापर्यंत उजेड असतो. क्लन नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या टेकाडावर तेथील पडका किल्ला आहे. फिट्झॲलन घराण्याने बांधलेला चार मजली बालेकिल्ला टेकाडाच्या माथ्यावर नसून त्याच्या कुशीला, उतारावर उभा आहे. यात्रेकरू हे पाहून नवल करतात. परंतु मला त्याचे कारण चटकन उमगले. माथा माणसांनी भर घालून उंच केलेला. त्या भरावावर एवढ्या दगडाचा भार टाकता तर इमारत खचली असती. म्हणून त्यांनी पाया खाली, टणक जमिनीत नेला. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या अनाम गवंड्यास मी मनोमन नमस्कार केला. आणखी एक गोष्ट त्या दिवशी ध्यानात आली. किल्ला त्या जागी का आहे, हे पुस्तकात वाचून कळते त्याहून पायांना अधिक कळते. ज्या खिंडीतून आपण घामाघूम होऊन वर येतो, तेथेच दमलेल्या शत्रूला गाठावे म्हणून किल्ला बांधलेला असतो. ११९६ साली वेल्सचा राजा रीस याने हाच किल्ला जाळला होता. तोही याच चढांनी आला असेल.

रात्री जेवण झाल्यावर आम्ही नदीवरील जुन्या दगडी पुलापाशी बसलो होतो. अशा वेळी मुलाने हळूच विचारले, "बाबा, काकांना कळवले का, आपण असे निघालो आहोत ते?"

मी उत्तर दिले नाही. आता ती घरची गोष्ट सांगितली पाहिजे.

आमचे मूळ घर देवगड तालुक्यात, विजयदुर्गापासून फार दूर नाही. वडिलांच्या पश्चात मी आणि माझा धाकटा भाऊ यांच्यात वाटणीवरून तंटा झाला. तंट्याचे मूळ विहीर. ती त्याच्या हिश्श्यात गेली. पाणी भरण्याचा हक्क मला हवा होता. शब्दाने शब्द वाढला. मी रस्त्यांचा इंजिनिअर. सगळ्या जिल्ह्यातील हद्दी मोजलेल्या. मीच फीत धरली, मीच रेघ मारली आणि घरासमोरच्या खळ्यातून जांभ्या दगडाचा गडगा घालून घेतला. दावा न्यायालयात गेला. अकरा वर्षे आम्ही दोघे एकमेकांशी बोललो नाही. ज्या घरात पिढ्यान् पिढ्या एक गणपती येत असे, तेथे दोन येऊ लागले. गडग्याच्या अलीकडे एक आरती, पलीकडे दुसरी. आणि दोन्ही आरत्या एकमेकींपेक्षा मोठ्याने म्हटल्या जात. देवालाही ऐकताना लाज वाटली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बिशप्स कॅसल या गावाकडे निघालो. हेरफर्डच्या बिशपांनी वसवलेले हे गाव; त्याची मुख्य पेठ एखाद्या जिन्यासारखी चढत जाते. ज्या किल्ल्यावरून गावाला नाव मिळाले त्याचे अवशेष आता नावापुरतेच आहेत. या वाटेवर, लिडबरी नॉर्थ गावाशेजारी, वॉलकट नावाची मोठी जहागीर लागते. ती रॉबर्ट क्लाइव्हने हिंदुस्थानातील संपत्तीतून विकत घेतली होती, आणि बिशप्स कॅसलमधून पार्लमेंटात कोण निवडून जावे हेही पुढे त्याचे घराणे ठरवीत असे. प्लासीचा पैसा असा या शांत कुरणांत येऊन मुरला आहे. क्लाइव्ह हा याच परगण्यातला; १७२५ साली येथून काही कोसांवर, मार्केट ड्रेटनजवळ जन्मलेला. मला तो आजवर केवळ पाठ्यपुस्तकातील नाव होता. त्या फाटकापाशी सायकल टेकवून पाणी पिताना तो एकाएकी शेजारच्या गावचा माणूस झाला.

बिशप्स कॅसलहून केरी टेकड्यांची जुनी धार पश्चिमेस जाते. वेल्समधील गुराखी आपली गुरे इंग्लंडच्या बाजारात याच धारेवरून हाकीत नेत. सुमारे पंधरा मैलांची ही वाट कोठेही १००० फुटांच्या खाली उतरत नाही. किल्लेदार एकमेकांशी लढत होते तेव्हाही हा व्यापार चालू होता, हे मला विशेष वाटले. आम्ही धारेवर न जाता खालच्या रस्त्याने मॉन्टगोमरीकडे वळलो. वाटेत ऑफाचा बांध ओलांडला. मी कोठे मोठी सीमा, चौकी, निशाण दिसेल म्हणून पाहत होतो. काही नव्हते. सीमा ओलांडली हे मला रस्त्यावरच्या अक्षरांनी सांगितले. तोवर डांबरावर 'हळू जा' असे केवळ इंग्रजीत लिहिलेले होते. आता त्याच्या जोडीला वेल्श भाषेतही लिहिलेले दिसले. तो शब्द 'अराव' असा उच्चारतात. ज्या रेघेसाठी सहाशे वर्षे माणसे मेली, तिची आज उरलेली खूण एवढीच, की हळू जा हे दोन भाषांत सांगावे!

मॉन्टगोमरीचा किल्ला उंच सुळक्यावर आहे. तिसऱ्या हेन्रीने १२२३ साली तो बांधावयास घेतला. १६४९ साली, यादवी युद्धानंतर, पार्लमेंटच्या हुकुमाने तो पाडला. पडक्या भिंतींमधून सेव्हर्न नदीचे खोरे दूरवर दिसते. त्या नदीवर एक पायउताराची जागा आहे. तेथे १२६७ साली तह झाला आणि इंग्लंडच्या राजाने लिवेलिन यास वेल्सचा अधिपती म्हणून मान्यता दिली. वेल्सच्या इतिहासातील तो सोन्याचा दिवस. परंतु त्यानंतर अवघ्या सोळा वर्षांत सारे राज्य गेले. का गेले? येथे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो.

वेल्सच्या जुन्या कायद्यात बापाची जमीन सर्व मुलांत वाटली जाई; आपल्या दायभागासारखेच. त्यामुळे प्रत्येक पिढीत भाऊबंदकी. लिवेलिनने १२५५ साली आपल्या भावांचा लढाईत पराभव केला आणि थोरला भाऊ ओवेन यास बावीस वर्षे कैदेत ठेवले. धाकटा भाऊ डेव्हिड १२७४ साली त्याच्या खुनाच्या कटात सामील झाला आणि कट फुटल्यावर इंग्रजांकडे पळाला. त्या कटात दुसरा होता पॉविसचा वेल्श राजा ग्रिफिद. १२७७ साली इंग्रज राजाची फौज चालून आली, तेव्हा हे दोघे तिच्या बाजूस होते. पुढे डेव्हिडला पश्चात्ताप झाला म्हणा, इंग्रजांचा जाच असह्य झाला म्हणा. १२८२ मध्ये तो राजाविरुद्ध उठला आणि लिवेलिनही त्याला मिळाला. भाऊ अखेर एक झाले. परंतु वेळ निघून गेली होती. त्याच वर्षी डिसेंबरात लिवेलिन मारला गेला. १२८३ च्या ऑक्टोबरात डेव्हिडला श्रूझबरी येथे हाल हाल करून ठार मारण्यात आले. असले किल्ले तोफांनी पडतात असे आपण म्हणतो. तोफा पुष्कळ पुढे आल्या. हे किल्ले आधी घरात पडले.

ही हकीकत मुलाने किल्ल्यावरील माहितीचा फलक वाचून आणि आपल्याजवळच्या पुस्तकातून मला सांगितली. सांगताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही. मीही सुळक्याखालच्या गावाकडे पाहत राहिलो.

तिसऱ्या दिवशी आम्ही वेल्शपूल गावाजवळील पॉविसच्या किल्ल्यात गेलो. हा किल्ला त्याच ग्रिफिदने उभारला असे मानतात. तो इंग्रजांच्या पक्षाचा म्हणून त्याचे घराणे टिकले, आणि किल्लाही ओसाड झाला नाही. तांबूस दगडाचा, पायऱ्यापायऱ्यांच्या बागांवर उभा असलेला तो वाडा आजही झगमगतो. बागेत मोर हिंडतात. १५८७ साली तो हर्बर्ट घराण्याने विकत घेतला. १७८४ मध्ये त्या घराण्यातील हेन्रिएटा हिचा विवाह क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड याच्याशी झाला. हा एडवर्ड पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला, आणि त्याच्याच कारकिर्दीत १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले. टिपू सुलतानाचा छापील कापडाचा तंबू आणि त्याच्या सिंहासनावरील सोन्याचे वाघाचे मुख आज पॉविसमध्ये काचेमागे ठेवलेले आहे. हिंदुस्थानातून नेलेल्या हजाराहून अधिक वस्तू तेथे आहेत. १९५२ पासून किल्ल्याची व्यवस्था नॅशनल ट्रस्ट ही संस्था पाहते.

त्या दालनात उभा असताना माझ्या मनात टिपू नव्हता, विजयदुर्ग होता. क्लाइव्हचे नाव आमच्या गावाशी कसे जोडलेले आहे, हे मी लहानपणी वडिलांकडून ऐकले होते. कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले. पुढे त्यांच्या मुलांत, संभाजी आणि मानाजी यांच्यात, तंटा लागला. अखेर पेशव्यांनी मध्ये पडून आंग्र्यांच्या दौलतीचे दोन तुकडे केले. एक कुलाब्यास, दुसरा दक्षिणेकडे. विजयदुर्गाकडील भाग पुढे तुळाजीकडे आला. तुळाजीचे आणि पेशव्यांचे पटेना. नानासाहेब पेशव्यांनी त्याचा बीमोड करण्यासाठी इंग्रजांशी करार केला. फेब्रुवारी १७५६ मध्ये समुद्राकडून वॉटसनची जहाजे आणि जमिनीवर क्लाइव्हची पलटण, अशी विजयदुर्गावर चढाई झाली. आंग्र्यांचे आरमार खाडीत जळाले, किल्ला पडला. मराठ्यांचा समुद्रावरील हात आम्हीच आमच्या हाताने, परक्याच्या मदतीने तोडून घेतला. तेथून सोळा महिन्यांनी क्लाइव्ह प्लासीला होता.

बंधूंनो, ज्या मुलुखात भावाने भावाविरुद्ध परक्याची मदत घेतल्याने राज्य गेले, त्याच मुलुखातला मनुष्य सातासमुद्रांपलीकडे आला, आणि तेथेही त्याला तोच दरवाजा उघडा सापडला. मला या गोष्टीचा त्या दिवशी जो चटका बसला तो पुस्तक वाचून बसला नसता. तीन दिवस मी माझ्या पायांनी त्या भूमीवरून गेलो होतो. ती माझ्या गुडघ्यांत आणि पाठीत होती. आणि मी स्वतः कोण? खळ्यातून गडगा घालणारा आणि भावाविरुद्ध परक्या वकिलाला उभा करणारा थोरला भाऊ.

वेल्शपूलच्या स्टेशनवर गाडीला पाऊण तास होता. मी मुलाजवळ कागद मागितला. त्याने फोन पुढे केला, मी म्हटले, "कागदच दे." भावाला चार ओळी लिहिल्या. अमक्या ठिकाणी सायकलने आलो, विजयदुर्ग आठवला, तुझी आठवण झाली, एवढेच. क्षमा मागण्याचे धैर्य तेव्हाही झाले नाही. ते पत्र पोचावयास बरेच दिवस लागले. उत्तर आले ते एका ओळीचे: "पत्र पोचले. चतुर्थीला या."

२७ ऑगस्ट २०२५ रोजी आम्ही सर्वजण गावी गेलो. गडगा तसाच होता. परंतु विहिरीसमोरचे पाच-सहा हात चिरे त्याने काढून ठेवले होते आणि तेथे वाट झाली होती. मूर्ती एकच आणली होती. फार बोलणे झाले नाही. विसर्जनानंतर तो म्हणाला, "दादा, त्या सायकलवर मलाही बसव एकदा." दावा अद्याप पुरता मिटलेला नाही, कागदपत्रांना त्यांचा वेळ लागतो. उरलेला गडगा पाडावा की नाही, यावरही आमचे एकमत नाही. परंतु वाट झाली आहे. माझे बंधू आज या सभागृहात बसलेले आहेत. त्यांना मी उभे राहावयास सांगत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही.

आता तरुण मंडळींना दोन गोष्टी सांगून मी आपली रजा घेतो. २०२५ च्या जुलै महिन्यात युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत रायगड, राजगड, शिवनेरी यांच्याबरोबर विजयदुर्गही आहे. हा मान मोठा आहे. परंतु मोटारीतून दारापर्यंत जाऊन, छायाचित्र काढून परतण्याने तो आपला होत नाही. आपल्या मंडळाने दर हिवाळ्यात मुलामुलींची एक सायकल सहल काढावी, असे मी सुचवतो. दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर पुरेत. इंग्लंडात सायकलने देश पाहणाऱ्यांची संस्था १८७८ सालीच निघाली, आणि तिच्या सभासदांना चहापाणी मिळेल अशा घरांवर तिची पंख लावलेल्या चाकाची पाटी असे. आपली घरे तर कोकणात, घाटमाथ्यावर, देशावर सर्वत्र पसरलेली आहेत. प्रत्येक मुक्कामी ज्ञातीतील एखाद्या घराने या मुलांना पिठले-भाकरी घालावी. पाटीची गरज नाही. त्यायोगे मुले किल्ले पाहतील आणि आपली माणसेही पाहतील. किल्ल्यावर जाताना सायकली पायथ्याच्या गावात ठेवाव्या, आणि वर नेलेला कागदाचा कपटाही परत खाली आणावा.

दुसरी गोष्ट वडीलधाऱ्यांना. आपल्यातही अनेक घरांत असे गडगे आहेत. कोणाचा विहिरीवरून, कोणाचा दागिन्यांवरून, कोणाचा केवळ एका शब्दावरून. कोणी चुकला आणि कोणी नाही, हे मी सांगणार नाही. मीच चुकलेला आहे. चढावर मला मुलाने जे शिकवले तेवढेच सांगतो. दम लागण्यापूर्वीच जोर कमी करावा. हळू जावे, परंतु थांबू नये. आणि जेथे चढवत नाही तेथे खाली उतरण्यात कमीपणा मानू नये.